बुखारेस्टची ऊब आणि तिचा घसारा

हिवाळा तोंडावर आला की रुमानियाची राजधानी बुखारेस्ट येथील महापालिकेपुढे एक जुनाच प्रश्न नव्याने उभा राहतो. शहरातील साडेपाच लाखांच्या आसपास सदनिकांना घरातील ऊब आणि स्नानाचे गरम पाणी रस्त्याखालून जाणाऱ्या नळांतून मिळते. हे नळ जुने झाले आहेत. ते फुटतात, दुरुस्तीसाठी रस्ते खणले जातात आणि ऐन थंडीत कोणत्या ना कोणत्या वस्तीतील रेडिएटर गार पडतात. नळ बदलले पाहिजेत याविषयी तेथे कोणाचेही दुमत नाही. ते कोणाच्या पैशाने बदलायचे, हा वाद मात्र तीन दशकांहून अधिक काळ चालू आहे. निकुशोर दान हे व्यवसायाने गणिती असलेले गृहस्थ २०२० साली महापौर झाले, तेव्हा हा हिशेब आता तरी सुटेल, अशी अपेक्षा अनेकांनी बाळगली होती. २०२५ च्या मे महिन्यात ते देशाचे अध्यक्ष म्हणून निवडून आले. हिशेब मात्र अर्ध्यावरच राहिला.

एका शहराच्या नळांची ही कथा वरवर पाहता स्थानिक आहे. पण लोकांना स्वस्तात सेवा देण्याचे वचन आणि ती सेवा टिकवण्यासाठी लागणारे भांडवल यांचा मेळ कसा घालायचा, हा सर्व लोकशाही नगरशासनांना छळणारा प्रश्न तिच्यात इतक्या स्पष्टपणे उमटला आहे, की तिचा बारकाईने विचार करणे अगत्याचे ठरते.

ज्या प्रदेशात शून्याखालच्या थंडीचा अनुभव नाही, तेथील वाचकाला या व्यवस्थेची कल्पना सहज येणार नाही. पूर्व आणि उत्तर युरोपातील अनेक शहरांत घरोघरी चूल वा शेगडी पेटवण्याऐवजी शहराच्या कडेला असलेल्या मोठ्या केंद्रात पाणी तापवले जाते. बहुधा हे केंद्र विजेचेही असते. वीज निर्माण करताना जी उष्णता एरवी वाया जावयाची, ती पाण्याला देऊन ते पाणी जाड नळांतून शहरभर फिरवले जाते. वस्तीवस्तीतील उपकेंद्रांत ही उष्णता घरांकडे जाणाऱ्या लहान नळांतील पाण्याला दिली जाते, आणि गार झालेले पाणी दुसऱ्या नळाने केंद्राकडे परतते. एका इंधनात दोन कामे होत असल्यामुळे ही पद्धत मुळात काटकसरीची आहे. तिची सारी मदार मात्र नळांवर असते. नळ गळू लागले, त्यांवरील उष्णतारोधक वेष्टन झिजले, की केंद्रात मिळवलेली काटकसर वाटेतच मातीत मुरते.

वारसा आणि वाटणी

बुखारेस्टमधील या जाळ्याचा मोठा विस्तार साम्यवादी राजवटीत, विशेषतः १९६० नंतरच्या काळात झाला. खेड्यांतून कारखान्यांत आलेल्या लक्षावधी लोकांसाठी सिमेंटच्या उंच चाळी उभ्या राहिल्या आणि प्रत्येक चाळीला केंद्रीय उष्णतापुरवठ्याची जोड मिळाली. सरकार घर देणार, सरकारच ऊब देणार आणि तिची किंमत सरकारच ठरवणार, असा हा करार होता. चाउसेस्कू यांच्या कारकिर्दीच्या अखेरच्या दशकात हा करार सरकारनेच मोडला. परदेशी कर्ज मुदतीआधी फेडण्याच्या हट्टापायी वीज आणि उष्णता यांवर कडक बंधने घातली गेली. १९८९ च्या वसंत ऋतूत कर्ज फिटल्याची घोषणा झाली, परंतु त्यासाठी नागरिकांनी अनेक हिवाळे कोट अंगावर ठेवून घरात काढले होते. त्याच वर्षी डिसेंबरात राजवट कोसळली. म्हणूनच बुखारेस्टमध्ये घरातील ऊब हा निव्वळ सोयीचा विषय राहिलेला नाही. थंड खोलीची आठवण तेथे हुकूमशाहीच्या आठवणीशी जोडलेली आहे, आणि कोणत्याही निवडून आलेल्या महापौराला उष्णतेच्या दराला हात लावताना भीती वाटते ती यामुळेच.

राजवट बदलल्यानंतर मालमत्तेची जी वाटणी झाली, तिने प्रश्न अधिक अवघड केला. उष्णता निर्माण करणारी प्रमुख केंद्रे ‘एल्चेन’ या कंपनीकडे गेली. ती राज्यशासनाच्या मालकीची. नळांचे जाळे आणि ग्राहक ‘रादेत’ या संस्थेकडे राहिले. ती महापालिकेच्या मालकीची. ज्या वायूवर केंद्रे चालतात, तो पुरवणारी कंपनी तिसरीच, आणि तीतही राज्यशासनाचा मोठा वाटा. रादेत ग्राहकांकडून कमी दर घेई, उरलेला फरक महापालिकेने भरून द्यावा असा नियम होता. महापालिका तो वेळेवर देत नसे, म्हणून रादेत एल्चेनचे पैसे थकवी, आणि एल्चेन वायूचे. एका सार्वजनिक खिशातून दुसऱ्या सार्वजनिक खिशात न गेलेल्या पैशांची ही थकबाकी व्याजदंडासह अब्जावधी लेईंवर जाऊन पोहोचली. २०१६ साली एल्चेन आणि रादेत या दोघीही नादारीच्या प्रक्रियेत सापडल्या. पुढे रादेत संपुष्टात आली, आणि २०१९ च्या अखेरीस ‘तेर्मोएनेर्जेतिका’ या नव्या महापालिका कंपनीने जाळ्याचा कारभार हाती घेतला. पाटी बदलली, पण पाटीखालचे नळ तेच होते.

स्वस्त दराचे मोल

या दुरवस्थेचे खापर कोणी भ्रष्टाचारावर फोडतो, कोणी अकार्यक्षमतेवर. दोन्ही आरोपांत तथ्य असेल. तथापि मूळ कारण त्याहून साधे आणि म्हणूनच अधिक चिवट आहे. बुखारेस्टच्या कुटुंबांना कित्येक वर्षे, २०२१ पर्यंत, एका गिगाकॅलरी उष्णतेसाठी सुमारे १६३ लेई एवढाच दर द्यावा लागे. खरा खर्च याच्या दुपटीच्याही पुढे होता. फरक महापालिकेच्या अंदाजपत्रकातून भरला जाई. पण हा फरक मोजताना मुख्यतः वायू, वीज आणि पगार एवढाच चालू खर्च डोळ्यांपुढे असे. नळ दर वर्षी जुना होतो, त्याचे आयुष्य दर वर्षी घटते आणि त्या घटीची किंमत त्या त्या वर्षीच बाजूला काढून ठेवली पाहिजे, ही हिशेबशास्त्रातील पहिली गोष्ट कागदावर राहिली. व्यापारी तिला घसारा म्हणतो. जो दुकानदार घसारा न काढता नफा वाटून घेतो, तो प्रत्यक्षात आपले दुकान थोडे थोडे विकून खात असतो. बुखारेस्ट महापालिकेने नेमके हेच केले. नागरिकांना मिळालेली स्वस्त ऊब काही अंशी कराच्या पैशातून आली होती, आणि बरीचशी जमिनीखालच्या नळांच्या आयुष्यातून.

घसाऱ्याचे वैशिष्ट्य असे, की तो दिसत नाही. वाढलेले बिल दुसऱ्या दिवशी प्रत्येक घरात वाचले जाते. गंजत चाललेला नळ वीस वर्षे कोणी पाहत नाही. निवडणूक चार वर्षांनी येते आणि नळाचे आयुष्य तीस-चाळीस वर्षांचे असते. या दोन कालगणनांत जेव्हा संघर्ष होतो, तेव्हा कोणाचा विजय होतो हे सांगण्यास राजकारणाच्या फार अभ्यासाची आवश्यकता नाही. नळांना मताधिकार नसतो.

पण अदृश्य घसाराही शेवटी बिल पाठवतोच. काही हिवाळ्यांत बुखारेस्टच्या जाळ्यातून तासाला दोन हजार टनांच्या घरात तापवलेले, शुद्ध केलेले पाणी गळून जात होते. हे पाणी तापवण्यासाठी जळालेल्या वायूची किंमत कोणालातरी मोजावी लागतेच. म्हणजे नळ बदलण्यासाठी जो पैसा ‘नाही’ असे सांगितले जात होते, तो दर वर्षी इंधनाच्या रूपाने खर्च होतच होता. फरक एवढाच, की त्यातून नवा नळ उभा राहत नव्हता. २०२१ च्या उत्तरार्धात वायूचे भाव भडकले आणि २०२२ च्या फेब्रुवारीत रशियाने युक्रेनवर आक्रमण केल्यानंतर ते आणखी चढले, तेव्हा या गळतीची खरी किंमत सर्वांना कळली. गोठवलेला दर टिकवणे अशक्य झाले. कुटुंबांचा दर वाढवावा लागला, आणि तरीही महापालिकेवरील अर्थसाहाय्याचा भार वाढतच गेला.

सोडून जाणारे आणि मागे राहणारे

याहून गंभीर परिणाम सामाजिक स्वरूपाचा आहे. पुरवठा बेभरवशाचा झाला की ज्याच्या गाठीला पैसा आहे, तो आपल्या सदनिकेत वायूवर चालणारा स्वतंत्र बॉयलर बसवून घेतो आणि सामुदायिक व्यवस्थेला रामराम ठोकतो. जाळ्याची लांबी तीच राहते, गळतीही तीच राहते, पण खर्च वाटून घेणारी कुटुंबे कमी होतात. मागे राहणाऱ्यांच्या वाट्याला येणारा बोजा वाढतो, त्यामुळे आणखी काही कुटुंबे बाहेर पडतात, आणि चक्र फिरत राहते. रुमानियात १९८९ साली तीनशेहून अधिक गावांत व शहरांत केंद्रीय उष्णतापुरवठा होता. आज ही संख्या साठाच्याही खाली आली आहे. अनेक शहरांत हे जाळे कोणी बंद करण्याचा निर्णय घेतला असे घडले नाही. ग्राहक एकेक करून निघून गेले आणि शेवटी ते आपोआपच बंद पडले.

या गळतीत शेवटी कोण उरतो, हे पाहिले पाहिजे. १९९० नंतर सरकारी सदनिका त्यांत राहणाऱ्यांनाच अल्प किमतीत विकल्या गेल्यामुळे रुमानियात नव्वद टक्क्यांहून अधिक कुटुंबे स्वतःच्या मालकीच्या घरात राहतात. युरोपात हे प्रमाण फार वरचे आहे. पण मालकीचे घर असणे आणि मासिक उत्पन्न पुरेसे असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. आठव्या मजल्यावर राहणारी निवृत्तिवेतनधारक विधवा कागदोपत्री मालमत्तेची धनीण असते, पण बॉयलर बसवण्याची ऐपत तिच्यात नसते, आणि घर विकून जावे कोठे हेही तिला ठाऊक नसते. सामुदायिक व्यवस्था कोसळते, तेव्हा ती अशांच्या डोक्यावर कोसळते. म्हणूनच दर कमी ठेवणे हेच गरिबांचे हित, असे मानणाऱ्यांनी आपल्या युक्तिवादाचा पुनर्विचार केला पाहिजे. वर्षानुवर्षे सरसकट कमी ठेवलेल्या दराने प्रशस्त सदनिकेतील सुखवस्तू कुटुंबाला अधिक लाभ दिला, कारण त्याचा वापर अधिक होता. आणि त्याच दराने खिळखिळी केलेली व्यवस्था मात्र निर्धनाच्या वाट्याला ठेवली.

ब्रुसेल्सचे अनुदान

या पार्श्वभूमीवर युरोपीय संघाच्या मदतीकडे पाहावे लागते. २०२१ च्या एप्रिल महिन्यात युरोपीय आयोगाने बुखारेस्टच्या उष्णताजाळ्यासाठी २५ कोटी ४० लाख युरोंच्या साहाय्यास मान्यता दिली. हा पैसा संघाच्या विकासनिधीतून रुमानियामार्फत महापालिकेला मिळावयाचा होता आणि त्यातून सुमारे २१२ किलोमीटर लांबीच्या मुख्य वाहिन्या बदलावयाच्या होत्या. सार्वजनिक पैशाने एखाद्या उद्योगाला मदत करण्यास संघाच्या करारात एरवी मनाई आहे. पण वीज व उष्णता एकत्र निर्माण करणाऱ्या कार्यक्षम जाळ्यांना पर्यावरणाच्या कारणास्तव सूट मिळते, आणि त्याच आधारावर ही मान्यता दिली गेली. जुन्या नळांच्या जागी कारखान्यातच उष्णतारोधक फेसाचे वेष्टन चढवून आलेले नवे नळ टाकायचे, अशी ही योजना. अशा नळांच्या वेष्टनात तारा बसवलेल्या असतात, त्यामुळे ओल शिरताच गळतीची जागा कळते. सारा रस्ता खणून शोध घ्यावा लागत नाही.

मदत मोठी होती. परंतु तिच्या मर्यादाही तितक्याच उघड होत्या. मुख्य वाहिन्यांची एकूण लांबी एक हजार किलोमीटरच्या घरात आहे. म्हणजे अनुदानातून बदलावयाचा भाग एकपंचमांशाच्या आसपास. उपकेंद्रांतून घरांकडे जाणाऱ्या लहान नळांचे जाळे तर याच्या कितीतरी पट लांब. शिवाय अनुदान मिळाले म्हणजे काम झाले असे नव्हे. निविदा, तक्रारी, रहदारीची कोंडी, हिवाळ्यात काम थांबवण्याची सक्ती, या सर्वांतून वाट काढता काढता २०२३ च्या अखेरची मुदत आली आणि उरलेले काम संघाच्या पुढील निधिकालात ढकलावे लागले. ज्या महापालिकेने अनेक वर्षे नळ बदललेच नाहीत, तिच्याकडे एकदम दोनशे किलोमीटर नळ बदलण्यास लागणारे अभियंते, कंत्राटदार आणि सवय तरी कोठून असणार? देखभाल हेही एक कौशल्य आहे. ते वापरात नसले की गंजते.

येथे एक स्थूल आकडेमोड उद्बोधक ठरेल. अनुदानाच्या रकमेला लांबीने भागले, तर एका किलोमीटरला सुमारे बारा लाख युरो पडतात. या दराने मुख्य वाहिन्यांचा उरलेला भाग बदलण्यास नव्वद कोटी युरोंहून अधिक रक्कम लागेल. आता याच दराने उलट हिशेब करावा. नळाचे आयुष्य चाळीस वर्षे धरले, तर एक हजार किलोमीटरच्या जाळ्यात दर वर्षी पंचवीस किलोमीटर बदलत राहिले पाहिजे. त्याचा खर्च वर्षाला तीन कोटी युरो. साडेपाच लाख सदनिकांत तो वाटला, तर प्रत्येकीच्या वाट्याला वर्षाला पंचावन्न युरोंच्या आत, म्हणजे महिन्याला साडेचार युरोंच्या आसपास रक्कम येते. लहान नळांचा खर्च वेगळा, आणि प्रत्यक्षातील आकडे या ढोबळ गणितापेक्षा निराळे असतील. तरीही या गणितातून जे दिसते ते नाकारता येणार नाही. नियमितपणे गोळा केली असती तर जी रक्कम सुसह्य ठरली असती, तीच साचू दिल्यामुळे एका महापालिकेच्या आवाक्याबाहेर गेली.

कर्ज, विक्री आणि पुनर्खरेदी

पैसा उभारण्याचे इतर मार्ग नव्हते काय? होते. बुखारेस्टने २००५ साली आंतरराष्ट्रीय बाजारात ५० कोटी युरोंचे दहा वर्षांच्या मुदतीचे कर्जरोखे विकले होते, आणि २०१५ साली ते फेडण्यासाठी देशी चलनात नवे रोखे काढले. म्हणजे शहराची पत शून्य नव्हती. पण कर्ज देणारा परतफेडीचा स्रोत पाहतो. ज्या उष्णता-कंपनीच्या दरात घसारा नाही, व्याज नाही, आणि जिचे निम्म्याहून अधिक उत्पन्न महापालिकेच्या मर्जीवर अवलंबून आहे, तिला स्वतःच्या बळावर कर्ज कोण देणार? कर्ज हे दराला पर्याय ठरू शकत नाही. ते केवळ उद्याच्या दराची आज केलेली उचल असते.

वॉर्साने निराळा मार्ग धरला. पोलंडमधील साम्यवाद संपताच १९९१ साली वॉर्सा, क्राकूव, ग्दान्स्क आदी शहरांसाठी जागतिक बँकेचे कर्ज घेण्यात आले. त्याबरोबर घरगुती उष्णतेवरील सरकारी अर्थसाहाय्य टप्प्याटप्प्याने कमी करत नव्वदच्या दशकात संपवण्यात आले. त्याच वेळी इमारतींत मापक बसवले गेले, उपकेंद्रे स्वयंचलित झाली. दर वाढला, पण उष्णतेचा अपव्यय घटल्यामुळे घराच्या क्षेत्रफळामागे पडणारा बोजा त्या प्रमाणात वाढला नाही. पुढे २०११ साली वॉर्सा नगराने आपल्या उष्णता-कंपनीचे ८५ टक्के भाग सुमारे १४४ कोटी झ्लॉटी घेऊन ‘दाल्किया’ या फ्रेंच समूहाच्या कंपनीला विकले. दरांवर राष्ट्रीय नियामकाची देखरेख राहिली. विक्रीचे समर्थन करणारे म्हणतात, की गुंतवणूक अखंड राहिली. विरोधक म्हणतात, की नगराने एक नैसर्गिक मक्तेदारी कायमची गमावली. एक गोष्ट मात्र दोघेही मान्य करतील, की खासगी कंपनीने विकत घेतले ते आधीच्या वीस वर्षांत सार्वजनिक पैशाने व वाढीव दराने सुधारलेले जाळे होते. मोडकळीस आलेल्या जाळ्याला असा ग्राहक मिळत नाही.

लिथुआनियाची राजधानी विल्नियस हिने विक्रीऐवजी भाडेपट्टा पसंत केला. २००२ साली पंधरा वर्षांसाठी जाळे त्याच फ्रेंच समूहाकडे सोपवण्यात आले. २०१७ साली पट्टा संपला, तेव्हा जाळे नगराकडे परत आले. पण त्याआधीच, २०१६ साली, गुंतवणूकदाराने लिथुआनियाविरुद्ध आंतरराष्ट्रीय लवादाकडे धाव घेतली होती. कोणी किती गुंतवले, कोणी किती मिळवले, हा वाद पट्ट्याबरोबर संपला नाही. जर्मनीत तर चक्र पूर्ण फिरले. बर्लिनने १९९७ साली आपली वीज-कंपनी ‘बेवाग’ विकली आणि तिच्याबरोबर उष्णताजाळेही गेले. २०२४ साली हेच उष्णताजाळे स्वीडनच्या सरकारी कंपनी ‘वॅटनफॉल’कडून सुमारे १४० कोटी युरो मोजून परत घ्यावे लागले. हॅम्बुर्गमध्ये २०१३ साली जनमत घेण्यात आले. अगदी निसटत्या बहुमताने नागरिकांनी जाळी परत घेण्याचा कौल दिला, आणि २०१९ साली उष्णता-कंपनी पुन्हा नगराच्या मालकीची झाली. विकताना मिळालेला पैसा त्या त्या वर्षीच्या अंदाजपत्रकात विरघळून गेला. परत घेताना कर्ज मात्र पुढच्या पिढीच्या नावे चढले.

कोपनहेगनचा धडा

मालकीच्या या वादाला छेद देणारे उदाहरण डेन्मार्कचे आहे. १९७३ च्या तेलसंकटाने हादरलेल्या त्या देशाने १९७९ साली उष्णतापुरवठ्याचा कायदा केला. त्याचे दोन आधारस्तंभ आहेत. पहिला म्हणजे नियोजन: कोणत्या वस्तीला कोणत्या मार्गाने उष्णता मिळेल हे नगराने ठरवावे. दुसरा म्हणजे ना-नफा तत्त्व: ग्राहकाकडून जेवढा आवश्यक खर्च तेवढीच किंमत घ्यावी, अधिक नाही, पण त्या खर्चात घसारा आणि कर्जाचे व्याज यांचा समावेश असावा. नफा नाही म्हणून लूट नाही, आणि घसारा आहे म्हणून जीर्णता नाही, असा हा समतोल आहे. कोपनहेगनमधील जवळजवळ सर्व घरे आज या जाळ्याला जोडलेली आहेत.

भांडवलाचा प्रश्नही तेथे संस्थात्मक पद्धतीने सोडवला गेला. डॅनिश नगरपालिकांनी एकत्र येऊन १८९८ साली ‘कोमूनेक्रेडिट’ ही पतसंस्था स्थापन केली. सभासद नगरपालिका तिच्या कर्जाला संयुक्तपणे जबाबदार असतात. एका छोट्या गावाला बाजारात जे कर्ज महाग पडले असते, ते सर्वांच्या सामायिक पतीवर स्वस्तात आणि दीर्घ मुदतीने मिळते. तीस-चाळीस वर्षे टिकणाऱ्या नळासाठी दीर्घ मुदतीचे कर्ज, आणि ते फेडणारे ग्राहक तेच, जे त्या नळाचा लाभ घेतात. पिढ्यापिढ्यांतील न्यायाची याहून सरळ व्यवस्था सापडणे कठीण. सहकाराशी परिचित असलेल्या वाचकाला या तत्त्वाचे महत्त्व वेगळे सांगावयास नको.

अर्थात डेन्मार्क श्रीमंत आहे आणि रुमानिया तितका नाही, असा आक्षेप येईल. तो खरा आहे. परंतु १९७९ साली डेन्मार्कने कायदा केला तो सुबत्तेच्या आनंदात नव्हे, तर तेलाच्या दुसऱ्या भाववाढीच्या वर्षी. आणि बुखारेस्टला दर वाढवणे जड जाते म्हणून घसारा थांबत नाही. तो केवळ दुसऱ्या खात्यावर जमा होतो.

निर्णयाची वेळ

यापुढची वाट अधिक चढाची आहे. युरोपात कार्बन उत्सर्जनाचे परवाने विकत घ्यावे लागतात, आणि बुखारेस्टची केंद्रे प्रामुख्याने वायूवर चालतात. नळ बदलल्यानंतर उष्णतेचे स्रोतही बदलावे लागणार आहेत. रुमानियासारख्या देशांसाठी संघाने आधुनिकीकरण निधी उभारला आहे आणि त्याचा मोठा वाटा रुमानियाला मिळणार आहे. म्हणजे अनुदानाची दारे बंद झालेली नाहीत. पण अनुदान हे पावसासारखे असते. ज्याने तळ्याचा बांध दुरुस्त ठेवला, त्यालाच त्याचा उपयोग.

बांध म्हणजे येथे तीन गोष्टी. पहिली, उष्णतेच्या दरात घसाऱ्याचा वाटा उघडपणे समाविष्ट करून तो वेगळ्या खात्यात ठेवावा, आणि त्या खात्याला वर्षअखेरच्या तुटीसाठी कोणत्याही महापौराला हात लावता येऊ नये. दुसरी, उष्णता निर्माण करणारा आणि ती वाहून नेणारा यांचे हिशेब एका छत्राखाली आणावेत, म्हणजे एकाच्या थकबाकीवर दुसऱ्याने आपले अपयश झाकण्याची सोय उरणार नाही. तिसरी, सरसकट स्वस्त दराऐवजी गरजू कुटुंबाला थेट साहाय्य द्यावे. रुमानियाने २०२१ साली दुर्बल ऊर्जाग्राहकांसाठी कायदा करून याचा पाया घातला आहे. त्यावर इमारत उभी करणे बाकी आहे. आठव्या मजल्यावरच्या त्या निवृत्त विधवेचे बिल राज्याने भरावे. तिच्या शेजाऱ्याच्या तीन खोल्यांची ऊब कोणी भरावी, याचे उत्तर मात्र शेजाऱ्यानेच दिले पाहिजे.

या तीन गोष्टींपैकी एकीतही तांत्रिक अडचण नाही. अडचण आहे ती एवढीच, की त्यांचा लाभ वीस वर्षांनी दिसेल आणि त्यांचा त्रास पुढल्याच महिन्याच्या बिलात. मतदाराला हा व्यवहार प्रामाणिकपणे समजावून सांगणारा आणि त्यानंतरही निवडून येणारा नेता कोणत्याही देशात दुर्मिळच. पण बुखारेस्टच्या नागरिकांनी दोन्ही प्रकारची थंडी अनुभवली आहे: हुकूमशहाने कर्जफेडीसाठी लादलेली, आणि निवडून आलेल्यांनी लोकप्रियतेसाठी ओढवून घेतलेली. पहिल्या थंडीचा हिशेब त्यांनी १९८९ च्या डिसेंबरात रस्त्यावर उतरून चुकता केला. दुसरीचा हिशेब रस्त्याखाली आहे, आणि तो दर महिन्याला थोडा थोडा, न चुकता भरण्याला पर्याय नाही.